द्यायची राहिलेली परवानगी

राजुरीतली माझी शेजारीण घरूनच कंपनीचं काम करते. कॉम्प्युटरच्या आतल्या कर्नल नावाच्या मूळ प्रोग्रामसाठी ड्रायव्हर लिहिते, म्हणजे यंत्राचे भाग कॉम्प्युटरशी जोडून देणारे छोटे प्रोग्राम. कॉलवर बोलताना ती ओसरीत येरझाऱ्या घालते, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

मध्यंतरी दूध तपासायच्या नव्या यंत्रातून आकडेच येईनात. कंपनीतल्या सगळ्यांनी यंत्रातला सर्किट बोर्ड बनवणाऱ्यावर खापर फोडलं आणि त्याचं काम काढून घ्यायचं ठरवलं. ही तीन दिवस शोधत राहिली, मग कॉलवर म्हणाली, "बोर्ड चांगला आहे. मुख्य उपकरणाला मेमरी थेट वापरायची परवानगी मी दिली, त्याच्याखालच्या चाइल्ड डिव्हाइसला द्यायची राहिली, म्हणून आकडे अडले. चूक माझी."

तिची बढती हुकली.

"गप्प बसली असतीस तर?" मी विचारलं.

"काकू, त्या बोर्डवाल्याला कळलंबी नसतं, काम कुणामुळं गेलं."