गायकवाडजींनी बसवलेलं अर्धं बेअरिंग

गायकवाडजी जुनं बेअरिंग परस्पर भंगारात टाकत नसत. आधी माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. आतला रोलरवाला कोन आणि त्याभोवतीची कडी, म्हणजे कप, दोन्ही तारेनं एकत्र बांधलेले. कागदांवर ग्रीस लागायचं, मी करवादायचे. ते म्हणायचे, "ताई, देख लो. जोडीनं आलं होतं, जोडीनंच चाललं."

आमचं गोदाम इंदूरबाहेर, हातोदच्या रस्त्यावर. मी सुट्या भागांच्या स्टोअरला, ते बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टचे फिटर. रोज महूहून यायचे. वडील फौजेत होते, ती शिस्त यांच्या हाडात मुरलेली. चाक बसवलं की डोळे मिटून हातानं फिरवायचे, नट जरा आवळायचे, जरा सोडायचे. मॅनेजर डोक्यावर उभा राहिला तर शांतपणे म्हणायचे, "भिया, चाकाला आपली जल्दी नाही समजत."

दिवाळीच्या आधी एका फोर्कलिफ्टच्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं. मी मागवलेल्या खोक्यात नुसता कोन निघाला. कोन आणि कपचे नंबर वेगळे असतात, आणि कपचा नंबर लिहायला मी विसरले होते. बाहेर ट्रकांची रांग. मॅनेजरला कळलं असतं तर माझी धडगत नव्हती. मी गायकवाडजींना गाठलं आणि चक्क रडले. जुनाच कप राहू द्या, कुणाला कळतंय, म्हटलं. त्यांनी कपच्या आतून नख फिरवलं. नख एका खड्ड्यात अडलं.

"दोन दिवस, ताई. तिसरा नाही."

नवा कप दुसऱ्या दिवशी दुपारी आला. गाडी कामात होती, उद्या सांगू म्हणून मी तो कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चालकाला खाली उतरवलं आणि गाडी स्वतः वर्कशॉपकडे न्यायला घेतली. उतारावर चाक जाम झालं, गाडी कलंडली, ते खाली सापडले. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, फिटरनं हलगर्जीपणानं जुना कप तसाच ठेवला. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. नोकरी जाईल ही भीती होती, दुसरं काही नाही. भेकड होते मी.

पुण्यानुमोदनाच्या प्रार्थनेला महूला गेले. त्यांच्या मुलीनं मला बाजूला घेतलं.

"मावशी, तुम्ही रोज सोबत होतात. पपांनी खरंच अर्धं बेअरिंग बसवलं होतं?"

"हो गं," मी म्हणाले. "कामाची घाई होती."

पपा असं करूच शकत नाहीत, म्हणून ती आठवडाभर सगळ्या नातेवाइकांशी भांडत होती, हे निघताना तिच्या आईनं सांगितलं. आत कुणीतरी पुन्हा तोच विषय काढला होता. या वेळी ती काहीच बोलली नाही.