सरकीचं गोदाम आणि आत्याची गोष्ट

पिंपळगाव राजातलं सरकीचं जुनं गोदाम मी आत्याच्या गोष्टी रेकॉर्ड करायला घेतलं, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. लोक हसतात. आत्या पंच्याऐंशीची. तिच्या गोष्टी दुसऱ्या कुणालाच येत नाहीत, आणि ती हल्ली नावं विसरायला लागली होती. म्हणजे घाई होती. आणि मी शहाणा काय करत होतो? चार महिने भिंती बांधत होतो.

गोदामाच्या शेजारी पिठाची गिरणी, समोर डीजेवाला. म्हणून जुन्या भिंतीच्या आत दुसरी भिंत घातली, मधल्या जागेत आवाज अडवणारं रॉकवूल ठासलं. येणारा जाणारा अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला देऊन जायचा. एक दिवस मी बुलढाण्याला गेलो, तर मिस्त्रीने छताखाली चांगला हातभर झरोका फोडून ठेवला. वर उपकार केल्यासारखा हसतोय!

"हे काय केलं?"

"हवा कुठून येईन मंग? मानूस गुदमरून मरन न अंदर!"

जिथून हवा येते तिथूनच आवाजही येतो, हे त्याला समजावताना माझं डोकं फिरायची वेळ आली. झरोका बुजवून सुकेपर्यंत आणखी पंधरा दिवस गेले.

शेवटी खोली चिडीचूप झाली. आत्याला आत बसवलं, मी काचेपलीकडे हेडफोन लावून बसलो. तिने पहिलं वाक्य सांगितलं आणि थांबली. मी हातवारे केले. दुसरं वाक्य, पुन्हा थांबली. मी चिडून दार उघडलं.

"आत्या, थांबून काऊन राह्यली?"

"हुंकारा कोन देईन? भिंतीले सांगू का गोष्ट?"

ऐकणाऱ्याने मधे मधे 'हं' म्हटल्याशिवाय आमच्याकडे गोष्ट पुढे सरकत नाही. बाहेरचा जराही आवाज आत येऊ नये म्हणून मी जिवाचं रान केलं, आणि बाईंना माझा 'हं' पाहिजे! कपाळाला हात लावला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसलो.

गोष्ट रंगली. राजाची धाकटी सून सातव्या विहिरीत उतरली, आणि आत्या गप्प झाली.

"पुढं काय होतं रे? तुले तं माहीत असन."

मला माहीत नव्हतं. लहानपणी त्या विहिरीपर्यंत मला कधी जागं राहता आलं नाही. आणि काम सुरू झालं त्या आठवड्यात, ओसरीत बसून, तिने मला हीच गोष्ट पुरी सांगितली होती. तेव्हा मी मधे मधे नुसतं 'हं' म्हणत मिस्त्रीशी फोनवर भांडत होतो.