बबनकाकांच्या घराच्या भिंती

बातमी आली तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमध्ये होते. समोर स्क्रीनवर एक चार मजली इमारत डुलत होती. इमारतींचं डिझाइन करायच्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. भूकंपात इमारत कशी हलेल, ते खूप वाढवून, हळूहळू दाखवतात. खरी इमारत बोटाच्या पेराएवढीच हलत असेल, पण पडद्यावर ती झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखी या अंगावरून त्या अंगावर होत राहते. तेवढ्यात फोन थरथरला. थेरगावच्या क्लासचा ग्रुप कित्येक महिने गप्प होता, त्यात सरांचा मेसेज आला होता, "आपल्या बॅचचे बबनकाका आज सकाळी गेले. कामावर निघताना छातीत कळ आली." मी तो तीनदा वाचला. शेजारच्या मैत्रिणीनं विचारलं, काय झालं गं? बबनकाका माझे नातेवाईक नव्हते, शेजारी नव्हते. चार महिने आम्ही दोघं एका कॉम्प्युटरवर बसलो होतो, एवढंच. "माझे पार्टनर होते..." असं काहीतरी मी म्हटलं. इमारत डुलतच राहिली, ती थांबवायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

त्याला आता पाच आठवडे झाले. मी कधी असं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे कुठून सुरुवात करावी ते नीट कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. वडील परभणीकडून आलेले, चाकणच्या एका कंपनीत शिफ्टला जातात. मी सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे हे त्यांना सांगता येतं, पण त्यात मी नेमकं काय करते हे त्यांना सांगता येत नाही, आणि खरं म्हणजे तेव्हा मलाही येत नव्हतं. नोकरीसाठी सॉफ्टवेअर यायला पाहिजे असं सगळे म्हणायचे, म्हणून मी थेरगावात डांगे चौकाजवळच्या एका क्लासला नाव घातलं. दर गुरुवारी आणि रविवारी, दुपारी तीन ते पाच. बारा विद्यार्थी आणि सहा कॉम्प्युटर. पहिल्या दिवशी मला पोहोचायला उशीर झाला. सगळे आपापल्या मित्रांबरोबर बसले होते. एकच खुर्ची रिकामी होती, आणि तिच्या शेजारी माझ्या वडिलांपेक्षा मोठे दिसणारे एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे बसले होते. त्यांच्या नखांच्या कडांना सिमेंट होतं. ते धुऊन जाणारं नव्हतं, असं पुढे मला कळलं.

ते सळईकाम करणारे फिटर होते. पंचवीस-तीस वर्षं सळया वाकवून, बांधून ते साइटचे सुपरवायझर झाले होते. तेव्हा चाकणजवळ एका कारखान्याच्या शेडचं काम त्यांच्याकडे होतं आणि गुरुवारी साइट बंद असायची. रविवारची सुट्टी त्यांनी मागून घेतली होती. "काका, या वयात कशाला हो?" असं मागच्या रांगेतल्या एका मुलानं विचारलं, तर म्हणाले, "आमचे इंजिनेर साहेब हायती ना, तुझ्याएवढेच. काय बी इचारलं की म्हणत्यात, सॉफ्टवेअरमध्ये बसतंय. म्हणलं, एकदा बघून तरी यावं, आत काय काय बसतंय!" सगळा क्लास हसला. सरसुद्धा.

सरांनी पहिल्यांदा सॉफ्टवेअर उघडून दाखवलं तेव्हा समोर फक्त काळा पडदा होता आणि त्यावर राखाडी रेघांची जाळी. तिला ग्रिड म्हणतात. इमारतीचे खांब कुठे उभे राहणार, ते आधी या रेघांनी ठरवायचं. मी पटापट आकडे टाकले. काका मात्र पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "पोरी, ह्यात जमीन कुठाय?" मी म्हटलं, जमीन नसते काका. "मग खांब उभा कशावर?" सरांनी ऐकलं. ते म्हणाले, "बरोबर विचारलंत. जमीन आपण सांगायची असते. खांबाच्या पायथ्याला आधार दिला नाही, तर कॉम्प्युटरच्या लेखी ती इमारत हवेतच." काकांनी मान डोलावली, पण मला वाटतं त्यांना ते पटलं नव्हतं. पुढे मीच माऊस धरायची, कारण त्यांच्या हातात तो राहत नसे. "पळतंय बघ, धर त्याला!" म्हणायचे. मी खांब काढले की ते प्रत्येक खांबाच्या पायथ्यावर बोट ठेवून विचारायचे, "ह्याला दिलीस का जमीन? आन् ह्याला?" एक मजला तयार करून, त्याची नक्कल वर चढवून, मी एका क्लिकमध्ये चार मजले केले, तेव्हा तर ते खुर्चीतून मागेच सरकले. "अगं थांब की! खालचा स्लॅब वाळला न्हाई अजून. सेंट्रिंगच्या फळ्या कधी खोलायच्या?" मी हसले. पण नंतर माझ्या लक्षात आलं, की मी आजवर एकही स्लॅब वाळताना पाहिला नव्हता. त्यांना बटणं माहीत नव्हती आणि मला इमारत माहीत नव्हती. दोघांचं मिळून जेमतेम एक माणूस होत होतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी खरं कारण सांगितलं. देहूच्या रस्त्याला, तळवड्याच्या पुढे त्यांचं घर होतं. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, आणि सगळं सळईकाम त्यांनी स्वतः, सुट्टीच्या दिवशी केलेलं. त्यांची मुलगी सारिका सासरहून परत आली होती, चार वर्षांच्या मुलीला घेऊन. परत जाणार नव्हती. "घरात दोन भाऊ हायत, सुना हायत. कुनी काय बोलत न्हाई. पन ती जेवताना अंग चोरून बसती..." मग म्हणाले, "तिला वरती तिची स्वतःची खोली पायजे. दार लावून घ्यायला. घर पेलंल का, एवढं मला बघायचंय." आम्ही सरांना विचारलं, सराव म्हणून काकांचं घर काढू का. सर म्हणाले, काढा की, याहून चांगला सराव कुठला.

तो महिना मला आता सलग आठवत नाही. आठवतं ते एखाद्या लांबलेल्या दुपारसारखं आठवतं. काका डोळे मिटून बसायचे. क्लासच्या खिडकीतून डांगे चौकातले हॉर्न ऐकू यायचे, पंखा घुमायचा, आणि ते मिटल्या डोळ्यांनी आपल्या घरात फिरायचे. "दारातून आत ये. उजव्या हाताला खांब. नऊ बाय बारा. सहा सळया. आता सरळ चाल, अकरा फूट... हं, इथं दुसरा." मी त्यांच्या मागोमाग चालत जायची आणि खांब उभे करायची. जिना कुठे वळतो, बीम कुठून कुठे जातो, मागच्या बाजूला जागा अर्धा फूट तिरकी कशी आहे, सगळं त्यांच्या अंगात होतं. मी ते घर कधी पाहिलं नव्हतं, तरी मला ते पाठ झालं. एका गुरुवारी लाइट गेली आणि काळ्या पडद्याकडे बघत आम्ही तसेच बोलत राहिलो, तेव्हाही मला सगळे खांब दिसत होते. मला स्वप्नंसुद्धा त्या घराची पडायला लागली. स्वप्नात मी जिना चढायची. वर काकू, ज्यांना मी पाहिलेलंच नव्हतं, भाकरी थापत बसलेल्या असायच्या. सगळीकडून वारा यायचा, खालचा रस्ता दिसायचा, लांबवर इंद्रायणीचं पाणीही दिसायचं. घरात कुठे अडसर असा नव्हताच. खांब, तुळया, स्लॅब, आणि मध्ये नुसता उजेड. उठल्यावर मला फार हलकं वाटायचं. ते घर इतकं मोकळं का होतं, हा विचार तेव्हा मी केला नाही.

वरचा मजला चढवून मी हिशेबाचं 'रन' बटण दाबलं, तेव्हा सगळे खांब हिरवे आले. हिरवा म्हणजे पेलतो, लाल म्हणजे नाही, एवढं काकांना ठाऊक होतं. ते पडद्याजवळ गेले आणि एकेका खांबावरून बोट फिरवलं. "झालं व्हय?" मी म्हटलं, "हो काका, झालं." पुढच्या रविवारी त्यांनी क्लासला पेढे आणले. मला दोन दिले. म्हणाले, "सारिकाला सांगितलं. म्हणलं, आमच्या इंजिनेर बाईनं पास केलंय." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी इंजिनिअर म्हटलं होतं.

नंतर आठ-दहा दिवसांनी कॉलेजात मॅडम इमारतीवरच्या भाराबद्दल शिकवत होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आणि विटांच्या भिंतीचं वजन विसरू नका. तुम्ही दिल्याशिवाय सॉफ्टवेअरला भिंत माहीत नसते." माझा पेन थांबला. मी खांब दिले होते, बीम दिले होते, स्लॅब, माणसांचं वजन, टाकीसुद्धा दिली होती... भिंत एकही दिली नव्हती. पडद्यावर भिंती दिसत नाहीतच, म्हणून मला त्यांची आठवण झाली नाही. घरी येऊन मी लॅपटॉपवर त्या घराची फाइल उघडली आणि प्रत्येक बीमवर भिंतीचं वजन टाकलं. तळमजला, पहिला मजला आणि वरची नवीन खोली. मागचे चार खांब लाल झाले. मी पुन्हा केलं, पुन्हा लाल. आणि त्यानंतरचा गुरुवार मी बरं नाही सांगून बुडवला, हे मला इथे लिहायला हवं. मी आजारी नव्हते. मला भीती वाटत होती, की ते विटा आणतील, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, की मला सांगावं लागेल.

रविवारी सांगितलं. ते पायऱ्यांवरच भेटले, हातात वाळूवाल्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती.

"काका, घर चुकलंय. मी भिंती धरल्या नव्हत्या."

"कंच्या भिंती?"

"कुठल्याच नाही. मला वाटलं, कॉम्प्युटरला कळत असेल."

"आन् मला वाटलं, घर म्हनल्यावर भिंत आलीच..." ते पायरीवर बसले. मग त्यांनी विचारलं, "किती लाल?"

"चार."

"मागले का?"

"हो."

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, आणखी बारीक घडी घातली. "त्या टायमाला सळई कमी पडली हुती," ते म्हणाले. "म्हनलं, वर कोन चढवायलाय." मी रडायला लागले. त्यावर ते एकदम चिडूनच बोलले, "येडी का काय तू? डोक्यावर पडल्यावर कळलं असतं, ते आधी कळलं. चल वर, सर वाट बघत असतील." वर गेल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सरांना विचारलं, जड खोली जमत नसेल तर हलकी जमंल का. सरांनी त्यांच्या ओळखीच्या एका अनुभवी इंजिनिअरला घर दाखवलं. वर विटा आणि स्लॅब नको, लोखंडी पाइपचा सांगाडा, सिमेंटच्या पातळ शीटच्या भिंती आणि वर पत्रा चालेल, असं ठरलं. त्याचं मॉडेल आम्ही दोघांनी पुन्हा केलं. या वेळी काका प्रत्येक बीमवर बोट ठेवून विचारत होते, "ह्याच्यावर भिंत दिलीस?" खांब हिरवे आले, पण पेढे कुणी आणले नाहीत. सारिकाला सांगायला "तू बी येतीस का?" असं त्यांनी मला विचारलं होतं. मी अभ्यासाचं कारण दिलं. ते एकटेच गेले.

क्लास संपल्यावर काका एकदाच भेटले, डांगे चौकात, भाजी घेताना. "खोली झाली. बघायला ये की." मी म्हटलं, परीक्षा झाली की येते.

परीक्षा झाली, आणि मी गेले. दारातून आत शिरले, उजव्या हाताला खांब होता. अकरा फुटांवर दुसरा. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त मध्ये भिंती होत्या, निळ्या रंगाच्या, कॅलेंडर लावलेल्या, आणि एका भिंतीवर काकांचा फोटो. काकूंनी मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर मात्र हात धरून जवळ बसवलं. मग सारिकाताई मला वर घेऊन गेल्या.

पत्र्याची खोली तापली होती. आत एक पलंग, एक पेटी, मुलीची पाटी. खालची फरशी नुसत्या सिमेंटची होती आणि तिच्यावर तेलरंगानं लाल रेघा मारलेल्या होत्या. उभ्या, आडव्या, एकमेकींना छेदणाऱ्या. मला क्षणभर कळेना, मी जागी आहे की कुठे आहे. खाली ज्या ज्या जागी बीम होता, त्या त्या जागी वर काकांनी रेघ ओढली होती. आमची ग्रिड होती ती, जेवढ्याची तेवढी, खऱ्या मापाची. पलंगाचे पाय रेघांवर होते. पेटी रेघेवर होती.

"बाबांनीच मारल्यात," सारिकाताई म्हणाल्या. "म्हणाले, जड असंल ते रेघंवर ठेव. आणि लईच जड काही आणायचं झालं, तर आधी त्या पोरीला विचार." मी वाकून एका रेघेवर बोट ठेवलं. त्याच पुढे म्हणाल्या, "मला पिठाची गिरणी टाकायचीय. मोटरवरची. खाली जागा नाही. इथं, या कोपऱ्यात, चालंल का?"

तो मागचा कोपरा होता. माझ्या तोंडावर "हो" आलं होतं, कारण त्या दिवशी त्या घरात मला कुणालाही नाही म्हणायचं नव्हतं. मी गिरणीचं वजन विचारलं, ती किती हलते ते विचारलं, वहीत लिहून घेतलं. मग म्हटलं, "इथं नको वाटतं. पुढच्या दोन रेघा जिथं मिळतात, तिथं कदाचित. पण आत्ता सांगत नाही, ताई. मला चार दिवस द्या. सरांनाही दाखवते."

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "तोवर ती तिथं हायच, असं धरून चालते."

खाली काकूंनी चहाला हाक मारली. सारिकाताई दोरीवरचे कपडे काढायला निघाल्या, आणि त्या दोन रेघा जिथे मिळत होत्या, तिथल्या रिकाम्या जागेला वळसा घालून पलीकडे गेल्या.