ओटीवर मांडलेली साथ
काल दिवेआगरला, आमच्या ओटीवर, मी देवीच्या रोगाची अख्खी साथ मांडली... सुपाऱ्या आणि कवड्या घेऊन! विसरायच्या आत लगेच लिहिते.

घरातली मी पहिली बी.एस्सी., आणि सध्या देवीच्या मोहिमेत टेम्पररी कारकून. वरून हुकूम आला होता... देवी आलेला माणूस घरातून उचलून, रोग्यांना वेगळं ठेवायच्या बोर्लीच्या शेडमध्ये न्यायचा. जीप आज सकाळी येणार होती.

हुकूम कळल्यापासून दारांवरचे कडुनिंबाचे डहाळे नाहीसे झाले होते. डहाळा दिसला की आपल्याकडे त्या घरात कोणी पाऊल टाकत नाही. आता पोरं नेतील या भीतीनं लोक आजार लपवत होते... आणि शेजारपाजार बिनधास्त ये-जा करत होता.

हुकुमामुळेच साथ पसरतेय, हे मोहिमेच्या डॉक्टरसाहेबांना पटेना. म्हणून त्यांना ओटीवरच बसवलं. एक सुपारी म्हणजे एक घर. कुंकू लावलेलं आजारी, हळद लावलेलं लस टोचलेलं. कोण कोणाकडे जाणार, कोणाला लागण होणार, ते कवड्यांच्या दानावर.

"सुपारी मी आजवर फक्त खाल्लीय, बाई," साहेब म्हणाले. पण बसले.

पहिला डाव हुकुमाप्रमाणे... डहाळा नाही, ये-जा चालू. बघता बघता ओटी लाल! दुसऱ्या डावात आजारी माणूस घरीच, दारावर डहाळा, भोवतीच्या घरांना हळद. लाल सुपाऱ्या जागच्या जागी अडकल्या. साहेबांनी स्वतः कवड्या टाकून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, निदान या गावापुरती जीप थांबवतो. संध्याकाळी दवंडी पिटली, कोणाचंही माणूस नेणार नाही.

आज सकाळी बाहेर पडले, तर दारोदार हिरवे डहाळे! आमच्या दप्तरी नोंद होती त्याहून कितीतरी जास्त. लस घेऊन कुठं जायचं, ते दारंच सांगत होती.

त्यातला एक शेजारच्या काकूच्या दारावर... जिथं मी रोज चहा प्यायचे. आत तिचा नातू, अंगावर खपल्या धरलेला. मी उंबऱ्याबाहेरच थांबले.

"तू सरकारची झालीस गो," काकू आतून म्हणाली. "तुला कसं सांगणार होते?"

माझ्या मांडणीत मी लोकांची भीती धरली होती... काकू मलाच भीत असेल, हे धरलं नव्हतं. तरी तिनं डहाळा लावला. काकू, तुझे फार उपकार... आता तुझ्या भोवतीच्या घरांना लस टोचायला निघालेय. खऱ्याखुऱ्या घरांना!