‘होणार नाही’ची वही

शालन दडस काम हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला एक पान वाचायला लावतात. तेही मोठ्यानं. साधी दोनशे पानी वही असते. पानाच्या डोक्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि खाली त्याच्या बागेत काय काय होणार नाही, ते. काय होणार, हे लिहायची गरज नसते. त्याचा फोटो गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये आधीच असतो.

नेरूळच्या एका रो-हाउस सोसायटीत क्रांती वाहुळे यांनी जानेवारीत असं पान वाचलं. लॉन फोटोसारखं दिसणार नाही, फोटो परदेशातला आहे. भिंतीकडेला गुलाब फुलणार नाही, तिथं दुपारनंतर ऊन नाही. पहिले पंधरा दिवस पाणी दोन वेळा, नंतर दिवसाआड. लॉनवरून खुर्ची ओढली तर चरे पडतील, ते बुजवायला मी येणार नाही.

“ताई, हे कोटेशन आहे की पोलिसातला जबाब?” क्रांतींनी विचारलं.

“सही करा मॅडम. मग तुमाला पण टेन्शन नको, मला पण नको.”

क्रांती बेलापूरला एका सरकारी कार्यालयात अधिकारी आहेत. त्यांनी तारखेसकट सही केली.

ही वही आठ वर्षांपूर्वी सुरू झाली. खारघरच्या एका गृहस्थांना शालनताईंनी हापूसचं कलम लावून दिलं होतं. वर्षभरात आंबा आला नाही म्हणून त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं, बाईनं फसवलं. कलमाला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात, हे आपण बोललोच नव्हतो, असं शालनताईंच्या नंतर लक्षात आलं. त्यांना ते इतकं उघड वाटलं होतं की सांगायचं सुचलंच नाही. त्यानंतर त्यांनी उघड गोष्टीही लिहायला सुरुवात केली.

त्या सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत. माहेर आणि सासर दोन्ही साताऱ्याच्या माण तालुक्यातलं. नवरा, हौसेराव, मार्केटात माथाडी होते. आता कंबरेमुळे घरी असतात. लग्नानंतर तुर्भ्यात आल्यावर शालनताई एका नर्सरीत कुंड्यांत माती भरायला लागल्या. बारा वर्षांत कलमं बांधायला शिकल्या, लॉन अंथरायला शिकल्या, आणि मग मालकाशी न भांडता बाहेर पडल्या. आज त्यांच्याकडे चार माणसं आहेत. टेम्पो भाड्याचा. नव्या घराच्या फाटकाशी पहिला प्रश्न अजूनही ठरलेला असतो: “कॉन्ट्रॅक्टर कधी येणार?”

“आला की,” असं म्हणत त्या फाटक उघडून आत जातात.

वाहुळ्यांचं काम लहान होतं, पण त्याच्यामागे आठ कामं उभी होती. सोसायटीनं ड्रेनेजची लाइन बदलली, तेव्हा एका रांगेतल्या नऊ घरांची पुढची अंगणं खणली गेली होती. सगळ्यांना नवी बाग हवी होती आणि सगळे पहिलं अंगण बघायला थांबले होते. सेक्रेटरी धर्मराज यांनी शालनताईंना सांगूनच टाकलं, “वाहुळे मॅडमचं लॉन जमलं तर पूर्ण लाइन तुमची.” पूर्ण लाइन म्हणजे चार माणसांना जूनपर्यंत काम.

लॉन जमलं. पंधरा दिवस ते हिरवंगार होतं आणि क्रांतींनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यात ताटलीएवढे पिवळे डाग पडले. आठवड्यात ताटल्यांची परात झाली. त्याचाही फोटो ग्रुपवर गेला. तो क्रांतींनी नाही, शेजारच्यांनी टाकला. खाली कुणीतरी लिहिलं, ‘लोकल कॉन्ट्रॅक्टर घेतला की असंच.’

डागांचं कानावर आल्यावर शालनताई एका गुरुवारी न कळवता गेल्या. दुपारचे अडीच वाजले होते. क्रांती ऑफिसात होत्या. अंगणात त्यांचे वडील होते, सिताराम वाहुळे, वय शहात्तर. हातात निळी बादली. ते एका टोकापासून शिस्तीत पाणी शिंपत येत होते, एक पट्टाही न सोडता.

“पाइप हाय की बाबा,” शालनताई म्हणाल्या.

“पाइपानं कळत नाही किती गेलं. मी मोजून घालतो. सकाळी लेक गेली की सहा बादल्या, दुपारी सहा, सांजच्याला ती येईपर्यंत सहा. एक थेंब वाया नाही.”

शालनताईंनी गवताचा एक तुकडा उचलून पाहिला. सतरंजी उचलावी तसा तो अलगद वर आला. मुळं काळी पडली होती आणि खालच्या मातीला वास येत होता.

“कमी पडायलंय त्याला पाणी,” सितारामबाबा वाकून म्हणाले. “मी लेकीला बोललो नाही, पण उद्यापासून आठ करतो.”

“दोन दिवस थांबा बाबा. रविवारी मी येते, मग बघू.”

त्या पायरीवर बसल्या. बाबांनी त्यांना प्यायला पाणी दिलं आणि स्वतःही टेकले. ते जालन्याच्या परतूर तालुक्यातले. शेतमजुरी केली, मग शाळेत शिपाई म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. “टँकर आधी गावात थांबायचा,” ते म्हणाले, “मंग आमच्या वस्तीवर. आमच्याकडं येईपर्यंत पाइपातून नुसती हवा निघायची. इथं नळ सोडला की पाणी. मंग हे गवत उपाशी कामून ठेवायचं?”

शालनताईंच्या गावातही टँकर यायचा. तो त्यांच्या दारापाशी आधी थांबायचा. हे त्यांनी बाबांना सांगितलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी हौसेरावांना सगळं सांगितलं.

“मग सांग की सरळ, म्हाताऱ्यानं लॉन मारलं. तू काय त्यांची सून हायेस व्हय?”

“सांगितलं तर उद्यापास्नं त्याच्या हातातली बादली जाईल. दिवसभर एकटाच असतो तो.”

“आन् न्हाई सांगितलं तर तुझी आठ घरं जातील. मग तुझ्या चार माणसांस्नी तूच समजाव.”

हौसेरावांचं म्हणणं खोटं नव्हतं. शुक्रवार आणि शनिवार शालनताई नेमकं वाक्य शोधत होत्या.

रविवारी क्रांती अंगणातच उभ्या होत्या. “ताई, तुमच्या वहीतलं मी सगळं पाळलं. खुर्चीसुद्धा उचलून ठेवते. लॉन मरेल असं त्यात कुठं होतं?”

“मुळं कुजली मॅडम. पाणी जास्त झालं.”

“शक्यच नाही. मी दिवसाआड घालते. मोबाइलमध्ये रिमाइंडर आहे, दाखवू?”

“चूक माझी हाय,” शालनताई म्हणाल्या. “दिवसा घरी कोण असतं, ते मी विचारायला पायजे होतं.”

क्रांतींना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. सितारामबाबा पेपर खाली ठेवून उभे राहिले होते.

“बाबा?”

“घातलं की. रोज घातलं. घालू नको असं मला कोण बोललं? सही तू केली, वाचलं तू. मला कोणी वाचून दाखवलं?”

“अहो, पण तीन-तीन वेळा?”

“माणूस तीन वेळा खातं, गवतानं काय पाप केलंय?”

शालनताईंना हसू आलं. क्रांतींना आलं नाही. “ताई, आता वहीत लिहा. बाबांनी पाण्याला हात लावायचा नाही.”

“ते मी लिहिणार न्हाई. वहीत माझ्या कामाचं असतं, तुमच्या घरातलं नसतं.” मग त्यांनी फाटकाजवळचा सखल भाग दाखवला. तिथलं गवत काढून टाकायचं, अळू लावायचं, एखादी केळ. ही झाडं जास्त पाण्यानं कुजत नाहीत. बाबांनी तिथं हवं तेवढं घालावं. उरलेल्या भागात माती बदलून नवं लॉन अंथरू. त्याला क्रांतींनीच पाणी घालायचं.

“अळू?” क्रांतींचा आवाज चढला. “सगळ्यांच्या दारात लॉन आणि आमच्या दारात भाजी? आमच्या घरात जमिनीचा तुकडा दिसला की आधी विचारतात, इथं काय पिकेल? ज्यात काहीच पिकत नाही असं एवढंसं अंगण मला पाहिजे होतं ताई. फक्त बघायला.”

बाबांना कसं जपायचं, एवढाच विचार शालनताई तीन दिवस करत होत्या. मुलीला लॉन का हवं, हेही त्यांनी विचारलं नव्हतं.

मग सितारामबाबा पायऱ्या उतरून सखल भागाशी गेले. “अळू नको. कर्दळ लावा, तिला पण पाणी चालतं. लाल. तिच्यात काही पिकत नाही.”

क्रांतींनी वडिलांकडे पाहिलं. “लालच कशाला? पिवळी पण येते.”

“लाल,” बाबा म्हणाले.

“लाल चालेल,” क्रांती म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइल काढला. त्या ग्रुपवर लिहीत होत्या. शालनताईंनी विनंती केली, जरा मोठ्यानं वाचा. क्रांतींनी वाचलं, ‘लॉन खराब झालं ते आमच्या घरातून जास्त पाणी गेल्यामुळे. कॉन्ट्रॅक्टरचं काम चांगलं आहे.’

“आमच्या घरातून म्हणजे?” सितारामबाबांनी विचारलं. “माझं नाव घाल. मी काय चोरून घातलं? दिवसाढवळ्या घातलंय.”

“बाबा, लोक हसतील.”

“हसू दे. बाईला नावं ठेवली ना त्यांनी? मंग मला पण ठेवू दे.”

क्रांतींनी मजकूर पुसून पुन्हा लिहिला. ‘लॉनला रोज तीन वेळा पाणी माझे वडील सिताराम वाहुळे यांनी घातलं. त्यामुळे ते खराब झालं. काम शालन दडस यांचं आहे आणि चांगलं आहे.’ बाबांनी चष्मा लावून तो स्वतः वाचला आणि मग पाठवायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात सखल भागात कर्दळीचे बावीस कंद लागले आणि बाकीच्या भागात नवं लॉन. आठांपैकी पाच घरांनी शालनताईंना काम दिलं. दोघांनी दुसऱ्या एजन्सीला दिलं. आठव्या घरानं अंगणात फरशी टाकून तिथं गाडी लावली.