चांगूचा गण

चांगू महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होता आणि रॅप करायचा. २००७ साली त्याच्या उमरठ गावात या दुसऱ्या उद्योगाला नावच नव्हतं. ‘काशीरामाचा पोरगा बडबडतो,’ एवढंच लोक म्हणत.

काशीराम म्हणजे शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांतले, तुऱ्याच्या पक्षाचे नावाजलेले शाहीर. समोरच्या पक्षाने गाण्यातून सवाल टाकायचा, यांनी गाण्यातूनच तिथल्या तिथे जवाब द्यायचा. चांगू हे ऐकतच मोठा झाला. पुढे आतेभावाने मुंबईहून अमेरिकन रॅपची कॅसेट आणली. इंग्रजी त्याला ओ की ठो कळली नाही, पण दोन माणसं एकमेकांना शब्दांत धरून आपटतायत हे लगेच कळलं.

“हा तर आपला तुराच हाय!” तो म्हणाला.

मग त्याने स्वतःचं लिहिलं. आंघोळ करूनही हाताचा न जाणारा पावडरीचा वास, कशेडी घाटातली वळणं, मुंबईला गेलेल्यांची बंद घरं. मोबाइलवर भरलेलं ते गाणं ब्लूटूथने कंपनीच्या बसभर फिरलं.

एका सकाळी काशीराम अंगणात थांबून म्हणाले, “तिसऱ्या ओळीत दम तुटतो तुझा. शब्द कमी कर.”

“आबा, तू ऐकलंस?”

“तुझी आई दिवसभर वाजवते. कानात बोळे घालू? आणि गण कुठाय? आधी देवाचं, गुरूचं नाव. मग बाकीचं.”

“रॅपमधी गण नसतो, आबा.”

“कुणी सांगितलं? रॅप करणारा तू. तू घातलास की असतो.”

चांगूला आधी हसू आलं. मग आठ दिवस चार ओळींवर झटला. महाडला रुचिर नावाच्या ओळखीच्या पोराच्या स्टुडिओत गाणं नव्याने भरलं, तेव्हा कॉम्प्युटरचा ठेका बंद करायला लावून काशीराम स्वतः ढोलकीवर बसले. बापलेकांनी एका दमात गाणं पुरं केलं. रुचिर म्हणाला, “पुन्हा घ्यायची गरज नाही.”

दोन वर्षांनी मुंबईत रॅपच्या सवाल-जवाबाची स्पर्धा होती. सगळ्यांची नावं इंग्रजी. याने ‘चांगू’ सांगितलं तेव्हा हॉल हसला. हात जोडून गण सुरू केला तेव्हा आणखी हसला. समोरच्याने तर त्याच्या नावावरच चार ओळी फेकल्या. चांगूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, त्याचाच शेवटचा शब्द उचलला आणि तिथूनच जवाब सुरू केला. शक्तीवाल्यांना त्याचे वडील असंच धरत. तीन मिनिटांत हॉल त्याच्या बाजूने ओरडत होता.

खाली उतरल्यावर एकाने विचारलं, “गणात नाव घेतलंस ते काशीराम कोण? मुंबईतले का?”

“माझे गुरू,” चांगू म्हणाला. “माझा बाप हाय तो. उमरठला या, ऐकवतो.”

स्पर्धेतले दोघे खरंच आले. गौरीच्या दिवशी दुपारी शक्ती-तुऱ्याचा सामना सुरू होताना काशीरामांनी भर अंगणात समोरच्या पक्षाला बजावलं, “आज जवाब चांगू देईल. त्याच्या चालीत. कुणाची हरकत हाय?”

कुणाचीच नव्हती.