अप्पांच्या शब्दकोड्यातली माझी जागा

मी माझ्या धाकट्या जावेवर जळत होते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला समजूतदार समजायला नको. आणि जळत होते ते काही साडी-दागिन्यांवरून नाही. सासऱ्यांच्या इंग्रजी शब्दकोड्यावरून.

सासरे, म्हणजे आमचे अप्पा, लातूरच्या एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. सकाळी पूजा झाली, कपाळाला विभूती लागली, की ते बाहेरच्या खोलीत दिवाणावर इंग्रजी पेपर घेऊन बसायचे आणि थेट कोड्याचं पान उघडायचे. मी कंधारकडची, शेतकऱ्याच्या घरातली, बारावी झालेली. इंग्रजी मला येत होतं ते विहिरीत पोहण्याइतकं. काठ दिसला पाहिजे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी समोर भाजी निवडत बसले होते, तर अप्पांनी विचारलं, बैलाच्या मानेवरच्या जूला इंग्रजीत काय म्हणतात, चार अक्षरी आहे, काही केल्या सुचेना झालंय. मला कुठून येणार? पण मी पडले हट्टी. दुपारभर डिक्शनरी चाळली. तिची अडचण अशी, की ती पहिल्या अक्षरावरून शब्द देते, आणि कोडं सांगतं नुसती लांबी आणि मधलं एखादं अक्षर. तिन्हीसांजेला मला ‘योक’ सापडला. अप्पांनी तो चौकोनात लिहिला आणि सासूबाईंना हाक मारून दाखवला.

दुसऱ्याच दिवशी मी शब्दांची वही सुरू केली. चार अक्षरी शब्दांची पानं वेगळी, पाचांची वेगळी, सहांची वेगळी. त्यातही शेवटच्या अक्षराप्रमाणे रांगा लावल्या, कारण पहिल्या अक्षराचं काम डिक्शनरी करतेच की. अकरा वर्षांत दोनशे पानी तीन वह्या भरल्या. रोज तीन-चार शब्दांपाशी अप्पांचं घोडं अडायचं. मग ते अर्थ सांगायचे, मी चौकोन मोजायचे, वही उघडायचे, तासभर आमचं तेच. भाकरी करपली तरी सासूबाई बोलायच्या नाहीत. माहेरी गेले की मी ऐटीत सांगायचे, आमच्या सासऱ्यांचं इंग्रजी माझ्यावाचून हलत नाही. सासरी प्रत्येकीला कुठंतरी स्वतःची जागा लागते. कुणाची देवघरात असते, कुणाची तिजोरीच्या किल्लीपाशी. माझी त्या दिवाणासमोरच्या पाटावर होती.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. जाऊ नांदेडची, इंग्रजी शाळेत शिकलेली. दिराची नोकरी धर्माबादला, तिथं खोली मिळेपर्यंत ती आमच्यात राहिली आणि तो शनिवारी येऊन जायचा. बाकी दिवसभर बाईसाहेब मोबाईलमध्ये मान घालून. एकदा सकाळी ती चहा घेऊन आली. आमचं एका सात अक्षरी शब्दापाशी अडलेलं. तिनं उभ्या उभ्या मोबाईलमध्ये माहीत असलेली अक्षरं घातली, बाकीच्या जागी टिंबं दिली, आणि खाली भराभरा शब्दांची यादी पडली. मला म्हणाली, “अक्का, लिहून काय ठेवायलात? सगळं हाय की इथं.”

तिच्या मनात काही नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यात अप्पा सरकले आणि तिला दिवाणावर जागा दिली. अकरा वर्षांत मला पाट, आणि हिला आल्या आल्या दिवाण! मी उठले आणि भाकऱ्या थापायला गेले. इतक्या जोरात थापल्या की सासूबाईंनी पदर खोचत विचारलं, पीठ काय भांडायलंय का तुझ्याशी.

म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. नऊ झाले, नव्वद झाले. रोज सकाळी अप्पा तिला हाक मारायचे, आणि ती मोबाईल घेऊन धावायची. मला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण बोलावलंही नव्हतं. मग मी काय काय केलं ते ऐका. मोबाईलनं डोळे जातात असं अप्पांना दोनदा सुनावलं. जावेच्या ताटात मुद्दाम जाड कडांची भाकरी वाढली. आणि एका सकाळी तर पेपरच गादीखाली सारला आणि आज आलाच नाही म्हणून सांगितलं. अप्पा पेन हातात धरून दहा वाजेपर्यंत रस्त्याकडं बघत बसले. वाईट वाटलं, पण पेपर काढून द्यावा इतकं नाही वाटलं.

घटस्थापनेआधी आम्ही दसरा काढला. म्हणजे वाकळा-गोधड्यांपासून माळ्यावरच्या घागरींपर्यंत सगळं घर खाली उतरवून धुवायचं. मी माळ्यावर चढले, जाऊ खाली उभी राहून भांडी घेत होती. एका मोठ्या पितळी पातेल्यात जुने इंग्रजी पेपर कोंबलेले होते. तारीख बघितली तर माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षाची. सवयीनं कोड्याचं पान काढलं.

सगळं भरलेलं. एक चौकोन रिकामा नाही, कुठं खोडलेलं नाही. कडेला अप्पांच्या मास्तरी अक्षरात वेळ टाकलेली, सुरू केलं तेव्हाची आणि संपलं तेव्हाची. बारा मिनिटं. दुसरा पेपर काढला. चौदा मिनिटं. तिसऱ्यात तर ‘योक’ होता, पुढच्यात ऐरणीचा इंग्रजी शब्द होता, ओगराळ्याचा होता. मला विचारलेले कितीतरी शब्द या माणसानं मी या घरात यायच्या आधीच, चहा निवायच्या आत लिहून टाकलेले.

मी तिथंच धुळीत बसले. आधी राग आला. अकरा वर्षं मला वेड्यात काढलं यांनी. मी वह्या भरत बसले, माहेरी बढाया मारत फिरले, आणि यांना सगळं येत होतं. मग आठवलं, पहिल्या महिन्यात मी या घरात कुणाशीच धड बोलत नव्हते. भाजी निवडायचं निमित्त करून भिंतीकडं तोंड करून रडायचे. ते फक्त अप्पांनी बघितलं असणार. राग कुठं गेला कळलं नाही, पण डोळे गळायला लागले. जाऊ खालून विचारत होती, अक्का, काय झालं. धूळ गेली म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाट घेऊन दिवाणासमोर बसले. कुणी बोलावलं नव्हतं. अप्पा जावेला विचारत होते, पीठ ज्यानं चाळतात ते, पाच अक्षरी, पहिलं एस, शेवटचं ई, डोकंच चालंना बघ. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस, आणि त्याला चाळणी येईना! जावेनं मोबाईलमध्ये टिंबं घातली. लांबलचक यादी आली, ती एकेक शब्द वाचायला लागली, प्रत्येकाचा अर्थ अप्पांना सांगायला लागली. सांगता सांगता तिचा आवाज मोकळा होत गेला. मी पहिल्यांदा नीट बघितलं तिच्याकडं. तिचे डोळे सुजलेले होते. रविवार होता, दीर पहाटेच धर्माबादला गेला होता.

म्हणजे अप्पांनी मला दिलं तेच हिला देणं चाललं होतं. आणि खोटं कशाला बोलू, ते कळल्यावर मी जास्तच जळले. पाट गेला तर गेला, पण ती लबाडी तरी एकट्या माझ्यासाठी असायला हवी होती.

शब्द माझ्या ओठावर होता. जाऊ यादीत तिसऱ्याच वाटेला लागली होती. अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “तुला येतंय का गं?”

मी म्हणाले, “मला कुठलं येतंय, अप्पा. तिलाच विचारा.”